डोली बागेतून जाईल

"गोंद्या, घोडा हो."

खोतांचा नातू म्हणाला. त्याचे दुधाचे दात अजून पडत होते. आणि ज्याला म्हणाला तो माझा आजा. साठी ओलांडलेला. खोतांच्या म्हातारीला सडकेपासून डोलीतून घरी आणून नुकता कुठं त्यांच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, टेकला होता.

डोली म्हणजे पालखी नव्हे. उगाच डोळ्यापुढं लग्नबिग्न आणू नका. एक जाड बांबू, त्याला काथ्याच्या दोरीनं टांगलेली घोंगडी आणि चार खांदे. दोन पुढं, दोन मागं. आमच्या वाडीला रस्ता नव्हता. यष्टी थांबायची ती खाली डांबरी सडकेवर, आणि सरकारी दवाखाना त्याच्याही पुढं रत्नागिरीत. आजारी माणूस सडकेपर्यंत न्यायचं ते डोलीतून, आणि बरं झालं तर परत आणायचं तेही डोलीतून.

आजाचा घाम सुकला नव्हता. पोराचं बोलणं ऐकून तो हसला. डोक्याचं मुंडासं सोडून त्यानं माझ्या हातात दिलं आणि हात-गुडघे टेकून सारवलेल्या खळ्यात ओणवा झाला. पोरगा पाठीवर बसला. टाचा मारायला लागला. आजा रांगायला लागला. गोल. खळ्याच्या कडेकडेनं.

ओटीवर झोपाळ्यावर अण्णा खोत सुपारी कातरत बसले होते. ते म्हणाले, "जपून हो बाळ. पडशील."

आजाला काही म्हणाले नाहीत. मग थोड्या वेळानं बाजूच्या पाहुण्याला म्हणाले, "गोंद्याची पाठ म्हणजे चिरा आहे चिरा. तिला काही होत नाही."

ओटीवरचे सगळे हसले. आजाही हसला, खालून. मी दहा वर्षांची होते. मी म्हटलं, "आजा, चल घरी."

तो म्हणाला, "थांब गो बाय. बाळ खेळतायत."

खेळतायत! एवढ्याशा पोराला अहो-जाहो. आणि ते पोरगं माझ्या आजाला अरे गोंद्या. मला तेव्हा राग आला तो खोतांचा नाही, आजाचा आला. हे मी खरं सांगते.

मग चहा आला. आमची कपबशी तिथं वळचणीला खोचून ठेवलेली असायची, कान तुटलेली. आजानं ती काढली, विसळली, पुढं धरली. वरून चहा ओतला गेला. पिऊन झाल्यावर परत विसळून, परत वळचणीला. ओटीवरच्या कपबशांना ती कधी भेटली नाही.

परत येताना मी विचारलं, "तू कशाला झालास घोडा?"

"पोराची हौस गो. माझं काय झिजलं त्यात?"

"गुडघे," मी म्हटलं. त्याच्या गुडघ्यांतून रक्त येत होतं.

त्यावर तो इतका हसला, इतका हसला, की त्याला खोकला आला. मुंडासं त्यानं माझ्याच डोक्याला गुंडाळलं आणि म्हणाला, "तू वकील हो. खोताविरुद्ध केस घाल."

असा होता. त्याच्यावर नीट रागावताही यायचं नाही.

आजाचं आयुष्य मला सलग कुणी सांगितलं नाही. कधी लावणीत, कधी काजू भाजताना, तुकडा तुकडा ऐकलं. तरुणपणी तो खोतांच्या वेठीला होता. वेठ म्हणजे फुकट काम. शेत खोताचं, मग अंगही खोताचं. बोलावलं की जायचं. नांगर धरायचा, दगडांचे गडगे घालायचे, आंबे उतरवायचे, आणि खोत कुठं निघाले की मेणा उचलायचा. पोटाला पेज, तीही करवंटीत. माझे बाबा मुंबईहून आले की मोठ्या तोंडानं सांगायचे, खोती कायद्यानं गेली. गेली असेल मुंबईतून. आमच्याकडं ती झोपाळ्यावर बसून सुपारी कातरत होती.

तर त्या वेठीच्या दिवसांत एकदा खोतांच्या घरचं लग्न रत्नागिरीला होतं. अण्णांचे वडील तेव्हा खोत. वाडीतले धट्टेकट्टे सगळे पुरुष मेणे उचलायला गेले. आजाही गेला. जाताना आजीला कळा सुरू झाल्या होत्या. त्यानं हात जोडून सांगितलं, घरी बायको अडलीय, मला सोडा. खोत म्हणाले, "खांदे मोजून घेतलेत. एक कमी करून कसं चालेल?"

लग्न झालं. जेवणावळी झाल्या. वाडीत इकडं आजी ओरडत होती. आडवं मूल. सडकेपर्यंत न्यायला पाहिजे होती, पण उचलणार कोण? म्हातारे आणि पोरं. आजा आला तेव्हा आजीला जाळूनही झालं होतं. माझे बाबा तेवढे होते, रांगणारे.

आजा रडला की नाही, कुणी पाहिलं नाही. त्यानं बांबूच्या बेटात जाऊन सगळ्यांत जाड बांबू तोडला. धुरावर धरून पक्का केला. पडवीत आढ्याला टांगला. आणि वाडीला सांगितलं, "ह्याच्यापुढं डोली नाय म्हणून वाडीतलं माणूस मरायचं नाय." एवढंच बोलला. पण मग तो शब्द त्यानं जन्मभर पाळला.

कोण म्हणून त्यानं उचललं नाही? भागी काकीला नेत होते, तर ती सड्यावरच बाळंत झाली. भर वाऱ्यात, उघड्या कातळावर. आजानं मुंडासं सोडून त्यात पोर गुंडाळलं आणि तसाच उघड्या डोक्यानं सडकेपर्यंत गेला. सखातात्या म्हणून शेजारी होते आमचे. त्यांनी आमच्या बांधावरचा फणस एकदा आपला म्हणून उतरवून नेला. वर्षभर बोलणं बंद. मग तात्यांना कावीळ झाली, डोळे हळदीसारखे. त्यांच्या दारात पहिला कोण? आजा, बांबू घेऊन. आई वैतागून म्हणाली, "आधी त्या फणसाचं बोला."

आजा म्हणाला, "फणस खाऊन झाला. माणूस अजून हाय."

कुणाकडून काही घेतलं नाही. कोणी नारळ आणला, पायलीभर तांदूळ आणले, तर म्हणायचा, ठेव, बाळंतिणीला घाल. आमच्या घरात तेव्हा संध्याकाळची पेज पातळ असायची. आई तोंडानं बोलायची नाही, पण भांडी आपटायची.

आता वाटेचं सांगते, कारण सगळं त्या वाटेवर आहे. वाडीतून सडकेला जायची पाखाडी, म्हणजे चिऱ्यांच्या पायऱ्यांची वाट, खोतांच्या आंब्याच्या बागेतून सरळ उतरत होती. ती बांधली आमच्याच माणसांनी, वेठीत. मी सातवीत असताना अण्णांनी बागेला उंच गडगा घातला आणि पाखाडीच्या तोंडाला लोखंडी फाटक बसवलं. आंबे चोरीला जातात म्हणे. आम्हाला उरली पऱ्यावरची वाट. पऱ्या म्हणजे ओढा, त्याच्यावर माडाच्या ओंडक्यांचा साकव होता, तो ओलांडून लांबून जायचं. आणि पावसाळ्यात साकव वाहून गेला की मग सडा. सडा म्हणजे नुसता कातळ. शेवाळ, वारा, आणि चालून चालून जीव जातो तरी सडक दिसत नाही.

फाटक उघडायचं. नाही असं नाही. डोलीत खोतांच्या घरचं माणूस असलं की उघडायचं. तोच बांबू, तेच खांदे. आत कोण निजलंय ते बघून कुलूप निघायचं.

का, तर बागेत राखणदार. मोठ्या रातांब्याखाली शेंदूर फासलेला दगड होता. डोलीतलं माणूस बागेत मेलं, तर राखणदाराला सुतक, तो कोपणार, मोहोर जळणार. म्हणून मरणाच्या दारातलं माणूस बागेतून न्यायचं नाही. आणि खोतांची म्हातारी? ऐंशीची, तोंडाचं बोळकं झालेली. तिला बहुतेक मरणच नव्हतं. ह्यात मौज अशी, की त्या राखणदाराला दर वर्षी नारळ ठेवून गाऱ्हाणं कोण घालायचं? माझा आजा. "बा देवा म्हाराजा, अण्णांच्या बागेला बरकत दे, मुळापासून शेंड्यापर्यंत राख." मागं उभे राहिलेले आम्ही म्हणायचो, व्हय म्हाराजा. गाऱ्हाण्यात वाडीचं नाव कधी आलं नाही. मी एकदा विचारलं, आपल्यासाठी काय मागितलंस? तो म्हणाला, "बाग त्यांची हाय गो. आपलं कसं मागायचं?"

त्या वर्षी मी दहावी होऊन घरी होते. गौरी-गणपती झाले आणि चाकरमानी परत मुंबईला गेले. माझे बाबाही गेले, गोदीत कामाला होते. दर वर्षीचंच. चार दिवस भजनं, आरत्या, आणि मग एकदम कुणी नळ बंद करावा तशी वाडी गप्प होते. पण त्या वर्षी मला ती शांतता बरी वाटेना. पाऊस जायचं नाव घेत नव्हता. पऱ्याचा आवाज चुलीपर्यंत येत होता. आणि आजा जेवत नव्हता.

वाकून चालायचा. लंगोटी करकचून आवळायचा, पुन्हा पुन्हा. विचारलं की म्हणायचा, वारा धरलाय. एकदा पडवीत बसल्या बसल्या आढ्याच्या बांबूकडं बघत राहिला. मग मला विचारलं, "बाय, वाडीत आज खांदे किती हायत?"

मी हसले. म्हटलं, कशाला हवेत तुला खांदे? तो हसला नाही. बोटं मोजायला लागला. एका बोटावर थांबला आणि हात मांडीखाली घातला.

साकव गेला तो आवाज न करता गेला. सकाळी उठून बघतो तर पलीकडचा काठ मोकळा. आणि त्याच सकाळी आजा उलट्या करायला लागला. पोट लाकडासारखं. आईनं धीर करून लंगोटी सैल केली, तर जांघेत ही एवढी गाठ, काळीनिळी. अंतर्गळ. ओझी वाहून वाहून आतडं खाली उतरलेलं. कितीतरी वर्षं त्यानं ते लंगोटीत आवळून लपवलं होतं, आणि त्याच अंगानं डोल्या उचलल्या होत्या. पाठीला काही होत नाही म्हणे! पाठीला झालं नाही, पोटाला झालं.

आईनं हाका घातल्या. आले कोण? सखातात्या, पासष्टीचे. भागी काकी. बस्स. मी बांबू खाली काढला. सखातात्या म्हणाले, "डोलीला बाईचा खांदा नाय लागत गो."

आणि आतून आजा कण्हत म्हणाला, "बायकांच्या खांद्यावरनं मी जायचा नाय."

मी म्हटलं, "मग ऊठ, आणि चालत जा."

आम्ही त्याला घोंगडीत घातला. पुढं सखातात्या आणि आई, मागं भागी काकी आणि मी. पहिल्यांदा उचलला तेव्हा बांबू माझ्या हाडात रुतला आणि मला कळलं, ह्या माणसानं जन्मभर काय केलं ते. ऐकणं वेगळं.

मी सरळ फाटकाकडं चालायला लावलं. सखातात्या कुरकुरले, पण चालले.

फाटकाला कुलूप. मी हाक मारली. अण्णा खोत छत्री घेऊन आले, गडग्याच्या आत उभे राहिले.

"कोण आहे डोलीत?"

"माझा आजा. आतडं अडकलंय. फाटक उघडा."

"साकवावरून न्या."

"साकव वाहून गेला."

"मग सड्यावरून न्या. वाट आहे ना?"

"सड्यावरून दुपार होईल. तोपर्यंत तो राहायचा नाही."

चूक झाली माझी. अण्णा लगेच म्हणाले, "तेच म्हणतोय मी. नाही राहिला तर? बागेत देवस्थान आहे. मला का वाईट वाटत नाही? पण काही रीत असते. तुझ्या आजालाच विचार. दर वर्षी गाऱ्हाणं तोच घालतो."

बोलताना आवाज चढवला नाही. शिवी दिली नाही. छत्रीतून एक थेंब त्यांच्या अंगावर पडत नव्हता, आणि आमची घोंगडी पाण्यानं जड होत होती. मला वाटलं, आता आजा बोलेल. एवढं केलंय ह्यांचं, आता तरी एक शब्द टाकेल.

घोंगडीतून आवाज आला. "अण्णा बरोबर बोलतायत. सड्यावरनं चला."

सखातात्या वळले. आई वळली. मी नाही वळले. मी पाय रोवून फाटकाकडं तोंड करून उभी राहिले. पण डोली एक असते. पुढचे वळले, मागची वळली नाही, तर बांबू पिळतो, घोंगडी हेलकावते. ती हेलकावली आणि आजा असा ओरडला, की तो आवाज मी अजून कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही.

मग वळावंच लागलं. त्याच्या पोटात कळ माझ्या हट्टानं उठत होती. खोत तसेच उभे होते. मागून त्यांचा आवाज आला, "सावकाश न्या हो. घसरायला होतं."

सड्यावर वारा असा की उभं राहू देईना. भागी काकी दोनदा गुडघ्यावर पडली. आई हुंकारत होती, ओझ्याखाली बैल हुंकारतो तशी. आजा आधी कण्हत होता. मग कण्हायचा थांबला, त्याची मला जास्त भीती वाटली. मी म्हटलं, आजा, बोल काहीतरी. शिव्या दे. काहीही बोल.

बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "बाय, खांदा बदल गो. दुखत असेल."

त्याच्यापुढं तो बोलला नाही. सडकेवर एक चिऱ्यांचा ट्रक मिळाला. दवाखान्यात पोचलो तेव्हा त्याचे डोळे उघडे होते, पण तो आम्हाला बघत नव्हता. डॉक्टर तरुण होता, चांगला होता. चिडला आमच्यावर. म्हणाला, "सकाळी आणलं असतं तर पोट उघडून वाचवला असता. एवढा उशीर का केलात?"

आई म्हणाली, "वाट लांब हाय साहेब." मी तिच्याकडं बघितलं. वाट लांब नव्हती. वाट बंद होती. एवढंसं वाक्य होतं आणि ते बोलायला आमच्यात कुणाचं तोंड उघडलं नाही. दिवस मावळायच्या आत आजा गेला.

तार गेली, बाबा आले, भावकीतले चुलते आले. रडणं झालं. सगळे म्हणत होते, देवमाणूस गेला. मला त्या शब्दाची चीड यायला लागली. देवमाणूस म्हटलं की कोणी मारला ते विचारावं लागत नाही.

दहाव्याच्या दिवशी पुरुष पऱ्यावरून पिंडदान करून आले. सगळ्यांची डोकी भादरलेली. अंगावर ओले पंचे. आणि खोतांचा गडी, सोनू, धापा टाकत खळ्यात आला.

"अण्णांच्या छातीत कळ आलीय. घाम फुटलाय. डोली घेऊन बोलावलंय, लगेच."

आई दारातून म्हणाली, "आम्हाला सुतक हाय रे."

सोनू म्हणाला, "अण्णा म्हणाले, चालेल."

चालेल. मी दोनदा मनात म्हणून बघितलं. माझा आजा जिवंत होता, तेव्हा न आलेलं सुतक चाललं नाही. आता आमच्या घराला लागलेलं सुतक, भादरलेल्या डोक्यांचं, ओल्या पंच्यांचं, राखणदाराच्या पुढून चालत जाणार होतं आणि ते चालणार होतं. मग रीत कुठं होती? रीत नव्हतीच. रीत म्हणजे खोतांची मर्जी, आणि आम्ही तिला नारळ ठेवत होतो. हे मला शाळेत कुणी शिकवलं नव्हतं. त्या एका शब्दानं शिकवलं.

बाबा बांबू खाली काढत होते. घाईनं. त्यांनी तो खळ्यात ठेवला, घोंगडी आणायला आत वळले, आणि मी जाऊन बांबूवर बसले.

"ऊठ," बाबा म्हणाले.

"फाटक काढायला सांगा."

"फाटक उघडलंय," सोनू म्हणाला. "मीच उघडून आलो."

"उघडं नको. काढा. बिजागरीसकट."

बाबांना आधी कळेचना. मग त्यांचा चेहरा लाल झाला. "माणूस मरतोय तिकडं! डोकं फिरलं काय तुझं? तुझ्या आजानं असं केलं असतं?"

"नाही," मी म्हटलं. "आजानं उचललं असतं. म्हणून तर तो सड्यावरून गेला."

बाबांनी हात उचलला. मी मान खाली घातली नाही. हात तसाच वर राहिला. तेवढ्यात भागी काकी आली आणि माझ्या शेजारी बांबूवर बसली. पदर खोचून. मग आई आली. आई! जी जन्मभर फक्त भांडी आपटायची. ती आली आणि दुसऱ्या बाजूला बसली.

"जा," आई सोनूला म्हणाली. "सांग जा अण्णांना. पोरगी काय म्हणते ते."

सोनू पळाला. आम्ही बसून राहिलो. कुणीतरी चुलते म्हणाले, वाडीला जमिनीवरून उठवतील. दुसरे म्हणाले, वाळीत टाकतील, पोरींची लग्नं व्हायची नाहीत. सगळं खरं होतं. अण्णा त्या वेळात मेले असते, तर त्यांचं मरण माझ्या नावावर लागलं असतं, आणि ते मला कळत होतं. आजा असता तर त्यानं मला बांबूवरून उठवून बाजूला केलं असतं, तेही कळत होतं. तरी मी उठले नाही. त्याची मला लाज वाटत नाही, तेव्हा वाटली नाही, आता वाटत नाही.

मग खालून लोखंडावर घण पडल्याचा आवाज आला. एक. पुन्हा. शेवटी काहीतरी जड खाली आपटलं.

सोनू परत आला. "काढलं."

सगळ्यांत आधी मी उठले. घोंगडी मीच बांधली. बाबा आणि दोन चुलते लागले, आणि चौथ्याला मी हात केला, तू थांब, मी येते. बाबांनी सरकून मला जागा दिली.

अण्णांना डोलीत घातलं. त्यांच्या ओठांना रंग नव्हता. त्यांनी डोळे उघडले तर समोर तीन भादरलेली डोकी, आणि मी. ते काय समजायचं ते समजले असतील. त्यांची बोटं घोंगडीच्या कडेला घट्ट झाली. आम्ही पाखाडी उतरलो. फाटक गडग्याला टेकून आडवं पडलं होतं. रातांब्याखालच्या राखणदारासमोरून गेलो. अण्णांनी डोळे मिटले. आम्ही घाई केली, डोली हलू दिली नाही, सांभाळून पाय टाकले. बघता बघता सडक आली. एवढी जवळ होती सडक. मी तिथं खांदा सोडला आणि ढसाढसा रडले. बाबा पण रडले.

अण्णा वाचले. दिवाळीनंतर घरी आले. मला बोलावणं आलं. मी गेले. झोपाळा चालू होता, सावकाश.

अण्णा म्हणाले, "ये गो. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत म्हणून वाचलो. तू उचलायला होतीस, पाहिलं मी. तुझ्या आजासारखीच आहेस हो अगदी. त्याला हाक मारली की हजर असायचा."

त्यांनी सुपारी तोंडात टाकली.

ते म्हणाले, "ते फाटक तेवढं बसवून घेतो आता. मोहोर यायचे दिवस. पण वाडीला कधी गरज लागली तर येऊन विचारत जा. मी नाही म्हणणार नाही."

प्रेमानं बोलत होते. खरंच प्रेमानं. आणि तेव्हाच मला दिसलं, असंच प्रेमानं ह्या माणसानं माझ्या आजाला आयुष्यभर बांधून ठेवलं होतं. आजाचं मन मोठं होतं, आणि ते मन ह्यांनी स्वतःच्या मालकीचं समजून वापरलं.

मी म्हटलं, "आजा विचारायचा. मी विचारायला येणार नाही."

"म्हणजे?"

"फाटक बसवा तुम्ही. आजारी माणूस आलं की आम्ही ते काढू. परत बसवा. परत काढू. डोलीत तुम्ही असलात तरी उचलू, सोनू असला तरी उचलू. पण डोली बागेतून जाईल."

झोपाळा थांबला. अण्णा बघत राहिले. त्यांच्या डोळ्यांत राग होता की भीती, मला नाही सांगता येणार, आणि मला त्याच्याशी काही देणंघेणंही नव्हतं. मी वळले आणि बागेतून चालत घरी आले.

वाडीत येऊन मी भागी काकीला सांगितलं, उद्यापासून आपल्या बायकांनी बांबू उचलायची सवय करायची. पुरुष मुंबईला गेले म्हणून कुणी सड्यावर मरणार नाही. आणि कुणाच्या दारात परवानगीला जायचं नाही. जो जाईल, त्याच्याशी माझं वैर.